हवा कुठून जाते

११ नोव्हेंबर, सोमवार

यंदाचे डास आवाज करत नाहीत. गुपचूप येतात, चावतात, जातात. लतिकाला म्हटलं, नवीन जात निघालेली दिसते. "कानाशी भणभणतायत की मेले," म्हणाली. बायकांना सगळंच जास्त ऐकू येतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कल्पेशची गाडी परत आली. तो अर्नाळ्याची मासळी नाशिकला नेतो. त्याच्या पंख्याचा क्लच मीच खोलून, नवा किट घालून बांधला होता. कसाऱ्याच्या चढावर इंजिन तापलं. "काका, पानी उकळलं, मी उकळलो, मागे बोंबील उकळले." वास अजून आवारात आहे.

लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल. मोठ्या गाडीचा रेडिएटरमागचा पंखा सारखा फिरवायचा नसतो, डिझेल खातो. इंजिन तापलं की टाकीतली हवा क्लचमध्ये येते, पिस्टन ढकलते, लायनिंग पकडतं, पंखा फिरतो. इंजिन थंड झालं की हवा सुटते, पंखा मोकळा. एवढंच. पण पिस्टनची रबरी रिंग केसाइतकी जरी चिरलेली असली तरी हवा निसटते, पकड ढिली पडते, लायनिंग घसरून जळतं — आणि चढावर बोंबील शिजतात. म्हणून बांधलेला क्लच टेबलावर ठेवून हवा द्यायची आणि ऐकायचं. सूं झालं की परत खोला.

सेबेस्टियनच्या गॅरेजात हे ऐकण्याचं काम माझं. मी ओके म्हटल्याशिवाय क्लच बाहेर जात नाही. बाकीचे साबणाचं पाणी लावून फेस बघतात. मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय — साबण न्हाव्याकडे.

आज माझ्या हाताखालच्या परेशने तोच क्लच टेबलावर घेऊन हवा दिली. "केवढा वाजतोय," म्हणाला. सेबेस्टियन ऑफिसच्या दारातून, "इथवर येतोय." मी वाकलो, कान लावला. काही नाही. परेशने साबण लावला. फेस आला, चांगला टपोरा.

"किटमधली रिंगच खराब," मी म्हटलं. सगळे हो म्हणाले. मी घाबरलो. डबा तसाच परत आणला. लतिकाला सांगितलं, भाजीत मीठ जास्त होतं. भाजी कालचीच होती, काल मी चाटूनपुसून खाल्ली होती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

घरी तपासून बघितलं. कुकरची शिट्टी — ऐकू येते. बेसिनचा नळ ठिबकतो, तोही. मग गॅसचं बटण उघडलं, पेटवलं नाही. काही नाही. आणखी उघडलं. लतिका बाहेरून धावत आली, "वास सुटलाय, काय करताय काय?" "बघत होतो," म्हटलं. "गॅस काय बघायची गोष्ट आहे?" बरोबर आहे तिचं. ऐकत होतो, हे सांगता आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

निघताना बाबांना "येतो" म्हटलं. उत्तर नाही.

दोन वर्षांपूर्वी ते आचोळे नाक्यावर लुनावरून पडले. मी त्यांना न विचारता लुना विकली. पुन्हा विकावी लागली तर पुन्हा विकेन. तेव्हापासून त्यांचं माझ्याशी बोलणं हळूहळू बंद होत गेलं. पूर्वी मी "येतो" म्हटलं की "ये" म्हणायचे, जिना दणाणायचा. आता कॉटवर सुपारी चघळत नुसते बघतात. लतिकाशी बोलतात, शेजारच्यांशी बोलतात. भांडायचं असलं की माझ्याशीसुद्धा, तेव्हा आवाज बरोबर निघतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी इतका राग. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मीही आता उत्तरासाठी थांबत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वसईला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. गॅरेजात सांगितलं, दाढ.

काचेच्या खोक्यात बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काही येईना. म्हटलं बाई काय समजतील, म्हणून मधून मधून अंदाजाने दाबलं. शेवटी खोक्याचं दार उघडून म्हणाल्या, "काका, मी मशीन बंद केलंय तरी तुम्ही दाबताय."

निकाल असा. कंप्रेसर, ग्राइंडर यांच्यात आयुष्य गेलं की बारीक आवाज आधी जातात. मग हळू बोललेलं जातं. कळत नाही, कारण जातं ते ऐकू न येताच जातं. गेलेलं परत येत नाही, पण कानात घालायचं मशीन मिळतं, आठवडाभर लावून बघा म्हणाल्या.

विचार करतो, म्हटलं. विचार कसला! मशीन लावून गेलो तर दुसऱ्या दिवशी परेश ऐकायच्या टेबलावर आणि मी ग्रीस धुवायच्या टबाशी. माझ्याकडे दुसरं काय आहे? लोक हायवेवरून चौकशी करत येतात ते माझ्या कानासाठी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं. ओठ.

वरचा ओठ ओला करून क्लचच्या जवळ न्यायचा. हवा निसटत असेल तर गार लागतं. कानाइतकंच बारीक कळतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नेहमीसारखा वाकून ऐकतोय. अडचण एकच — मिशी. वारा मिशीतच अडकतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

काढली.

आमच्यात बाप असताना मिशी काढत नाहीत. बाप गेल्यावर काढतात. लतिका बघून मटकन खालीच बसली. ओठाला पुरळ आलंय, म्हटलं. तिला पटलं नाही. "बाबांसमोर जाऊ नका," एवढंच म्हणाली. दिवसभर तोंडाला रुमाल. बाबांनी लतिकाला विचारलं, याला सर्दी झालीय का.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ग्राइंडर चालू होता. सेबेस्टियन जवळ आला, माझ्या तोंडाकडे बघितलं, हळू काहीतरी विचारलं. हल्ली हळू विचारलेल्या गोष्टींना मी हो म्हणतो. हो म्हटलं. त्याने मला मिठी मारली. परेशने ग्राइंडर बंद केला. "अरे मग आलास कशाला? घरी जा," सेबेस्टियन म्हणाला. मला वाटलं, काम कमी असेल. आलो घरी, झोपलो.

संध्याकाळी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. बाहेर सेबेस्टियन आणि त्याची बायको लुईझा, पांढरे कपडे, हातात पापडी गावातल्या त्यांच्या वाडीतल्या केळ्यांची फणी. बाबा म्हणाले, "या, या. बसा." लुईझाने छातीवर क्रूस काढला. मग ती दोघं त्यांच्या बोलीत आपापसात काहीतरी बोलली. कोणीच बसेना.

मी आतून आलो. झोपेतून उठलेला, रुमाल नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, केळ्यांकडे बघितलं. त्यांना सगळं लगेच समजलं.

"मी मेलो काय रे?"

हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मलाही.

सेबेस्टियनने चहा घेतला. केळी ठेवून गेला. बाबांनी रात्री दोन खाल्ली. "माझ्याच दिवसांची आहेत," म्हणाले, लतिकाला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सेबेस्टियनला सांगितलं, ओठाला पुरळ होतं. तो बराच वेळ माझ्या ओठाकडे बघत राहिला. पुरळ नव्हतं.

२ डिसेंबर, सोमवार

ओठ पक्का आहे. एकही क्लच परत नाही. परेश म्हणाला, "काका, एवढं जवळ जाऊन मुका घेता की काय?" त्याला म्हटलं, तुझ्या साबणापेक्षा बरा. हसले सगळे. मीही हसलो, जरा जास्तच.

५ डिसेंबर, गुरुवार

आजपासून "येतो" म्हणणं बंद. भिंतीला सांगून निघायचं कशाला?

९ डिसेंबर, सोमवार

लतिका म्हणाली, "बाबा विचारत होते, सुधाकर हल्ली सांगून का जात नाही." म्हटलं, सांगून काय फरक पडतो? मी गेलो काय, राहिलो काय. ती तोंड फिरवून भांडी लावता लावता आणखी काहीतरी म्हणाली. मी हो म्हटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

झालं.

दुपारी सेबेस्टियनने परेशला चहाला पाठवलं. बाकीच्यांनाही. एक बांधलेला क्लच स्वतः टेबलावर ठेवला, हवा दिली. "बघ रे जरा." मी वाकलो. ओठ फिरवला, समोरून, बाजूने, सगळीकडे. कुठेच गार लागलं नाही. "ओके," म्हटलं.

त्याने क्लच उलटा केला. मागच्या बाजूची रिंग चिरलेली होती. ब्लेडने, सरळ. त्यानेच चिरून बसवली होती, जिथे ओठ पोचत नाही तिथे.

"सुधाकर, हा आवाज रस्त्यापर्यंत जातोय."

"बाप जिवंत, मिशी गायब, तोंड क्लचला. मला काय कळत नाय? माझ्या पप्पांचेपण असेच गेले कान. मशीन लाव. लाज वाटत असेल तर टबावर बस. पण माझ्या गॅरेजातून कुणाची गाडी अंदाजाने घाटात जाणार नाय."

मी हात धुतले आणि निघालो. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त राग आला. सगळ्यांना घालवून मग बोलला, त्याचाही राग आला. चारचौघांत बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार

घरी. बाबा कॉटवर, मी खुर्चीत. टीव्ही चालू. मधूनच माझ्याकडे बघून त्यांचं तोंड हलत होतं. सुपारी.

लतिकाला सगळं सांगून टाकलं. कान, ओठ, चिरलेली रिंग. मला वाटलं रडेल. म्हणाली, "म्हणजे गॅसचं ते हेच?" मग म्हणाली, "चष्मा लावताना लाजला नाहीत, मग कानाने काय घोडं मारलंय?" सोमवारी ती येणार आहे बरोबर. मी पळून जाईन असं तिला वाटतं.

१६ डिसेंबर, सोमवार

मशीन घेतलं. हरभऱ्याएवढं आहे.

दवाखान्याबाहेर आलो. माझ्या चपला वाजतात! इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. लतिकाच्या बांगड्या वाजतात. रिक्षावाला स्वतःशी शिव्या घालतो, हळू आवाजात, सतत. जग फार बडबडं आहे. घराच्या कोपऱ्यावर काढून डबीत ठेवलं. बाबांना कळलं तर म्हणतील, म्हातारा मी आणि मशीन तुला. ते फक्त गॅरेजसाठी.

१७ डिसेंबर, मंगळवार

गॅरेजच्या संडासात जाऊन कानात घातलं. बाहेर आलो. सेबेस्टियनने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. परेशने टेबलावर क्लच ठेवला, हवा दिली.

सूं.

बारीक, डाव्या बाजूला, बेरिंगच्या मागे. मी तिथेच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, थिनरवर ढकललं. "खोल," म्हटलं. परेशने खोलला. रिंगेला घडी पडली होती.

"मग काका, आता मुका बंद?" परेशने विचारलं. हळू विचारलं होतं. ऐकू आलं. त्याला टबावर बसवीन, असं म्हटलं. आज घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

मिशी ठेवायला घेतलीय. टोचते. बाबा रोज बारकाईने बघतात, किती आली. पीक बघावं तसं.

२१ डिसेंबर, शनिवार

कल्पेश पहाटेच गॅरेजात गाडी घेऊन येणार होता, तिथे वेळ मिळाला नसता, म्हणून मशीन घरातच कानात घातलं. चपला चढवल्या. "येतो" म्हटलं नाही, ते बंदच आहे. मागून आवाज आला. बारीक, सुपारीतून.

"ये. सावकाश ये."

लतिकाला विचारलं, हे कधीपासून? ती कणीक मळत होती. "रोजच म्हणतात. सांगितलं की मी तुम्हाला त्या दिवशी. हो म्हणालात."

परत आत गेलो. कॉटसमोर उभा राहिलो. "येतो," म्हटलं.

"किती वेळा जातोस?" बाबा म्हणाले.