एउलालिया मावशीने पाठवलेली फीत

प्रिय एउलालिया मावशीस,

हात जोडून आशीर्वाद मागतो. तुझे गुडघे कसे आहेत? माझं विचारू नकोस. मंगळवारी सकाळी साडेनऊला आजोबांच्या हातावरची सलाइनची चिकटपट्टी मी नखाने उचलली, आणि त्याच क्षणी माझं आयुष्य उलटंपालटं झालं.

तू मारियामातेची निळी फीत पाठवलीस (तीन गावांतल्या बायकांनी तिचे मुके घेतलेत, हे तूच अभिमानाने कळवलंस) आणि सोबत झऱ्याचं पवित्र पाणी. ऑपरेशननंतर आजोबांना तोंडाने काही नाही, सगळं त्या नळीतून. म्हटलं, मग आशीर्वादही तिथूनच जाऊ दे! फीत भिजवली आणि पट्टीखाली थेट सुईच्या तोंडाशी सारली. (पशुवैद्यकी अर्धवट सोडली असली, तरी गाईंना सुया टोचल्यात मी.) तेवढ्यात सिस्टर नीमिया आली. मावशी, इतकी सुंदर मुलगी इतकी ओरडू शकते? "हात धुतलेत?" म्हटलं, सकाळी अंघोळ केलीय. "मग बोटांना हे तुपकट काय?" आता दारात गरम चिपा, ते चीजचे पाव, विकायला आल्यावर कोण सोडतो! तिने ती नळी काढली. दुसऱ्या हाताची शीर तिसऱ्यांदा टोचल्यावर सापडली. आजोबा कण्हत म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते बरं केलंस लेका, गाई वाचल्या."

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस अंश ताप! नीमिया म्हणाली, ते भोक म्हणजे रक्ताचं उघडं दार. मावशी, तीन गावं शिरली गं आजोबांच्या रक्तात!

आणि दुसरा धक्का ऐक. औषध देण्याआधी ती नळीचं तोंड स्पिरिटने पुसत ओठांत काहीतरी पुटपुटते, मग ते वाळेपर्यंत थांबते. दहा दिवस मी समजत होतो, माझ्यासाठीच रेंगाळते. (ओठांत कुणाचं नाव, तेही ठरवून टाकलं होतं.) ती पंधरापर्यंत आकडे मोजते! शेजारच्या खाटेवरच्या बोळक्या फुल्हेन्सियोलाही पंधराच. मी त्याच्याशी भांडायला उठलो होतो.

तुझा भाचा,
एवेलियो

ता. क. ताप आज उतरला. आजोबा चिपा मागताहेत.

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच : रविवारी जपमाळेच्या चौदा बायका घेऊन येणार आहेस म्हणे. एकटी ये. हात धू. आणि नीमियाच्या कानावर सहज घाल, मुलगा तापट आहे, पण शिकतो.

ता. क. आत्ताच ती येऊन नळी पुसून गेली. मी मोजले, सतरा. "भेटायची वेळ संपली," एवढंच म्हणाली. हात धुतले, बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.