जायचं का, हे कुणी विचारलं नाही

८ जाने., गुरु. कालगुर्ली, ऑस्ट्रेलिया

बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि मी पलंगावर उसने आणलेले लोकरीचे स्वेटर पसरून बसलेय. नुसते बघूनच घाम फुटतोय. शनिवारी निघायचं. पर्थ, दोहा, स्टॉकहोम, मग ट्रेन. स्वीडनमधलं तळ्याकाठचं छोटंसं गाव. नावात एका अक्षरावर दोन टिंबं, एकावर गोल. मी आपली नुसतं 'गाव' लिहिणार.

मनोजला तिथल्या खाणीत नोकरी देतायत. खाणीत हवा खेळती ठेवायची, इथे करतो तेच. तिथला साहेब लार्स म्हणाला, बायको-मुलीला घेऊन आठवडाभर राहून जा, आणि जानेवारीतच या, उन्हाळ्यात काय, सगळ्यांनाच आवडतं. उत्तर महिनाअखेरीस. मनोज सगळ्यांना सांगतो, "बघायला चाललोय फक्त." पण काल कुंपणापाशी शेजारच्या मॉरीनला हसत हसत विचारत होता, मांजर कायमची ठेवशील का म्हणून.

मी काम करते त्या औषधांच्या दुकानाच्या मालकिणीला, डेबला, रजेचं सांगितलं. नो वरीज म्हणाली. एप्रिलपासून ती दुकानातून अंग काढून घेणार, मी चालवावं असं तिच्या मनात आहे. मनोजला हे महिन्यापूर्वी सांगितलं होतं. "वा, छान," म्हणाला आणि टायरमध्ये हवा भरायला गेला.

नाशिकला सात वर्षं फार्मसिस्ट होते. इथे येऊन शेल्फ पुसण्यापासून सुरुवात. तोंडी परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. आता परत 'जेवणानंतर घ्या' हे स्वीडिशमध्ये शिकायचं?

मला जायचं नाहीये. इथे लिहिते, कारण तोंडाने अजून कुणालाच म्हटलेलं नाही.

९ जाने., शुक्र.

संक्रांत तिकडेच होणार म्हणून तिळगूळ करून घेतला. तीळ भाजताना ओट्यापाशी उभं राहवेना. इरा म्हणाली, "आई, इट्स लिटरली अ सौना इन हिअर." तेरा वर्षांची झाली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तरं देते, आमचं बरं चाललंय.

१२ जाने., सोम. गाव

पोचलो. पाय सुजलेत. लार्स स्टेशनवर. उंच, हळू बोलणारा, दोन वाक्यांमध्ये इतका थांबतो की मला वाटतं संपलं. कंपनीचा पाहुण्यांसाठी फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. स्वच्छ, उबदार. खिडकीतून तळं. पांढरं, सपाट, आणि त्याच्यावर माणसं चालतायत, एक बाई बाबागाडी ढकलत चाललीय! कालगुर्लीकडची खारट तळी पण अशीच पांढरी, त्यांच्यावरही चालतो. पण ती कोरडी असतात, खाली पाणी नसतं.

साडेतीनला अंधार. मनोज म्हणाला, "मी तसाही जमिनीखाली असतो, मला काय फरक." मी नसते जमिनीखाली.

१३ जाने., मंगळ.

आज शोभा झाली.

जाग लवकर आली. प्रवासाचे कपडे धुवावेत म्हणून तळघरात गेले. तिथे बिल्डिंगची सामाईक धुलाईखोली आहे. कोणी नव्हतं. मशीन रिकामं, पण कपडे वाळवायच्या गरम कपाटात कुणाचे तरी वाळून खडखडीत झालेले कपडे. मी ते काढले, नीट घड्या घातल्या, टेबलावर चळत लावली आणि माझं मशीन लावलं. कालगुर्लीत धुळीचं वादळ आलं की मॉरीनचे कपडे मी दोरीवरून काढते, माझे ती काढते. नाशिकला तर वरच्या काकू इस्त्री करून द्यायच्या. मला तर वाटलं पुण्यकर्म केलं.

तासाभराने दारावर टकटक. पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची बाई, पायात लोकरी चपला. खालच्या मजल्यावरची बिर्गिट्टा. इंग्रजी अगदी स्वच्छ. म्हणाली, सकाळची वेळ तिची होती. आणि तिच्या कपड्यांना हात का लावला? आतले कपडे सुद्धा? आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. मी सॉरी सॉरी करत राहिले.

मग कळलं, खोलीबाहेर फळा आहे. प्रत्येक फ्लॅटचं एक छोटं कुलूप. आपल्याला हव्या त्या वेळेच्या खाचेत ते अडकवायचं, की ती वेळ आपली. लार्सने हे सगळं मनोजला काल समजावून सांगितलं होतं. मनोज म्हणतो, "मला वाटलं तुला दिसेलच." कपाळ माझं.

१४ जाने., बुध. संक्रांत

फोटोपुरता काळा स्वेटर. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, पुण्याहून. "तिकडे राहायला गेलात की थंडीचे मेथीचे लाडू पाठवते," म्हणाल्या. म्हणजे त्यांचंही ठरलंय.

दुपारी मनाचा हिय्या करून खाली गेले, डब्यात पाच तिळगुळाचे लाडू. कालचं भांडण ठेवून संक्रांत कशी करायची? बिर्गिट्टाने दार अर्धं उघडलं. आत या नाही, बसा नाही. (मनोज म्हणे, "पुण्याची आठवण झाली ना?") मी सांगितलं, आमच्यात आज हे देतात आणि म्हणतात, हे घ्या आणि गोड बोला. तिने जरा विचार केला. "गोड मला जमत नाही. सरळ बोललं तर चालेल का?" म्हणाली. चालेल म्हटलं, काय म्हणणार. मग म्हणाली, उद्या दोन वाजता कॉफीला या. म्हणजे मी दारात उभी आणि आमंत्रण उद्याचं!

संध्याकाळी डबा दाराबाहेर ठेवलेला. घासून पुसून लख्ख, आणि रिकामा. साखरेचा एक दाणा तरी टाकायचा की. संक्रांतीच्या दिवशी रिकामा डबा. मला रडूच आलं, उगाच. डब्यासाठी नसेलही.

मनोज मात्र चारला घरी. लार्सबरोबर खाण बघून आला. बटाटे सोलून दिले, इराशी पत्ते खेळला. आमच्या घरात संध्याकाळी चारला मनोज असणं हे जरा विचित्रच दिसतं.

१५ जाने., गुरु.

दोनला गेले. दोनच. पाच मिनिटं आधी पोचले तर जिन्यात थांबले.

कॉफी, दालचिनीचे गोल पाव, मेणबत्ती भरदुपारी. बिर्गिट्टा शाळेत गणित शिकवायची. लाडू आवडले, चारच खाल्ले, एक बहिणीसाठी ठेवलाय. मी डब्याचं बोललेच. आमच्यात रिकामा परत करत नाहीत म्हणून. ती चकित. म्हणाली, काही भरून दिलं असतं तर तुम्हाला परत काहीतरी द्यावं लागलं असतं. मी तुम्हाला मोकळं केलं. आता काय बोलणार!

मग कप खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला इथे यायचं आहे का?"

मी सुरू केलं, मनोजची नोकरी चांगली आहे, इराला स्केटिंग आवडलंय, हवा स्वच्छ आहे. तिने ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "ते झालं नवऱ्याचं आणि मुलीचं. मी तुम्हाला विचारलं."

"नाही," म्हटलं मी. इंग्रजीत. एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात.

ती काही समजूतबिमजूत घालायला आली नाही. नवऱ्याला माहीत आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर, मग त्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं, म्हणाली. आणि आणखी एक पाव वाढला.

१६ जाने., शुक्र.

बोलले नाही. दिवसभर तोंडाशी येत होतं. लार्सच्या घरी जेवण, त्याची बायको शाळेबद्दल सांगत होती, इरा माना डोलावत होती. लार्स मनोजला म्हणाला, "तुम्हाला आवडलेलं दिसतंय." मनोज म्हणाला, "वी लव्ह इट." वी म्हणे.

१७ जाने., शनि.

आज सांगितलं.

तिघं तळ्यावर गेलो. लार्सने बर्फात भोक पाडून जाडी मोजून दाखवली होती, तरी मी काठाकाठाने. इरा लार्सच्या मुलीबरोबर पुढे स्केटिंग करत होती, दर दोन मिनिटांनी आपटत होती आणि हसत होती. मनोज म्हणाला, "इथे घर घेतलं ना, तर तळं दिसेल असंच घेऊ."

मी म्हटलं, मनोज, मला यायचं नाहीये.

थांबला. "इतके दिवस का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी?"

"तिकीट काढताना विचारलं होतं की."

"तिकिटाचं विचारलंस. खिडकी हवी की मधली."

मी डेबचं सांगितलं, परत, सगळं. दुकान, परीक्षा, लोक माझं नाव घेऊन काउंटरवर येतात ते. पस्तिशीत एकदा मुळं उपटली, आता त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्याने होणार नाही. माझा आवाज चढला असणार, कारण इरा सरकत आली आणि म्हणाली, "कॅन यू गाईज नॉट फाइट ऑन अ फ्रोझन लेक?"

ती लांब गेल्यावर मनोज बोलला. "तिकडे आठ-आठ दिवस बारा तासांच्या शिफ्टा. घरी येतो तेव्हा झोपायलाच येतो. पोरगी मोठी झालेली मला फोटोत कळते, वृषाली. इथे मी चारला घरी येईन."

त्याने हे कधी म्हटलं नव्हतं. डोळे लाल झाले होते, थंडीने असं म्हणाला. मला वाईट वाटलं आणि रागही आला. खोटं कशाला लिहू. त्याचं खरं आहे आणि माझंही.

१९ जाने., सोम.

बॅगा भरल्या. मी फळ्यावर आमच्या फ्लॅटचं कुलूप लावून रीतसर वेळ घेतली, चादरी धुतल्या. बिर्गिट्टा तिथे भेटली. बोलणं झालं का, विचारलं. झालं म्हटलं. "आणि?" आणि काही नाही, त्याला हवंय, मला नकोय. म्हणाली, "हं. हे कठीण आहे." तिच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं. आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणालं असतं, होईल सगळं ठीक. निघताना हात मिळवला. मिठीबिठी नाही.

२२ जाने., गुरु. कालगुर्ली

पोचलो काल. घरात भट्टी. मांजर रुसलीय, मॉरीनकडेच जाऊन बसते. मनोज आज पहाटे शिफ्टला गेला. एकमेकांशी फार सभ्यपणे वागतोय. "चहा घेणार का?" "तू घेणार असशील तर." असलं.

दुकानात म्हाताऱ्या केनने विचारलं, कुठे होतीस, त्या दुसऱ्या पोराने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकीच्या डोसच्या काढल्या होत्या, मीच ओळखल्या. डेबने नुसतं माझ्याकडे बघितलं.

२६ जाने., सोम. सुट्टी

काही म्हणजे काही घडलं नाही.

मनोज शिफ्टला, सुट्टी नाही त्याला. इरा टीव्हीपुढे लोळत होती. मी विचारलं, तुला काय वाटतं गं, तिकडे जावं? म्हणाली, "आय लाइक्ड इट. आय लाइक इट हिअर टू." मग जरा वेळाने, "बाबा वॉज फनी देअर. आय डिडंट नो ही वॉज फनी."

भांडी घासता घासता ते वाक्य जाईना डोक्यातून.

२९ जाने., गुरु.

मनोजची शिफ्ट संपली, सुट्टीचे सहा दिवस. अंघोळ करून आला, ओट्याला टेकून उभा राहिला. चेहरा असा, वाढदिवसाची भेट लपवून आणलेल्या माणसाचा.

"कळवलं लार्सला. नाही म्हणून."

कधी, म्हटलं. "आज सकाळी. तू नको म्हणालीस ना. संपला विषय."

मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर हवं होतं ना मला? पण जे डोक्यात गेलं ते गेलंच. म्हटलं, हो तूच म्हणणार, नाही पण तूच म्हणणार. सायकलीच्या मागे बांधलेलं सामान आहे का मी? मग त्या थंडीत मला नेलंस तरी कशाला? त्याला कळेचना. "अगं, तुझ्याच बाजूने केलं ना!" मी गॅस बंद केला. म्हटलं, माझ्या बाजूने केलंस, मला न विचारता केलंस. जायचं ठरवलंस तेव्हा पण असंच होतं, फक्त दिशा उलटी होती.

तो खाली बसला, स्टुलावर. तिथेच मोबाइल वाजला, लार्सचं उत्तर. समजलं, वाईट वाटलं, जागा शनिवारपर्यंत कुणाला देत नाही, बायकोशी बोलून बघा. मनोजने मला वाचून दाखवलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

"मग आता काय करू?"

"आता विचार."

उठला, समोर येऊन उभा राहिला, शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहतात तसा. "वृषाली, जायचं का आपण?"

आठ तारखेला मी इथे 'मला जायचं नाहीये' असं लिहिलं होतं. तेच आता तोंडाशी होतं. पण त्याच्या मानेवर अजून खाणीतली धूळ होती, अंघोळ करूनही, आणि मला ते लगेच म्हणता येईना.

विचार करून सांगते, म्हटलं. दोन दिवस लागतील.

"बरं," म्हणाला, आणि कुकर लावायला घेतला.