लेकरूम

प्रिय लता,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. चौथीपर्यंत जेवढं अक्षर आलं तेवढ्यावर लिहून राहिले. वेलांट्या चुकल्या तर दुरुस्त करून वाच, नाहीतरी लहानपणापासून माझ्या चुका काढण्यात तुझा हात कुणी धरला नाही. फोन केला की तू "हं, हं, बरंय" म्हणतीस आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतीस. या दोन वर्षांत नायगावच्या तुझ्या कुकरच्या शिट्ट्या जेवढ्या ऐकल्या तेवढ्या मी औशात माझ्या स्वतःच्या घरात ऐकल्या नसतील. पत्राला शिट्टी होत नाही. म्हणून पत्र.

तर बातमी अशी की विरूनं गाडी घेतली. मोठी! सात जणांची. दारात उभी केली की आपला सगळा ओटा झाकून जातो, आणि दूधवाला पलीकडूनच ओरडतो, "आज्जी, हाव का घरात?" मी मुद्दाम उशिरा ओ देते. तेवढ्यात चार माणसं गाडी बघून जातात. हस बाई, हस. या वयात मला दुसरी मिरवणूक कुठली?

पण गाडी येण्याआधी घरात लई वादावादी झाली. विरू म्हणायचा, "आई, घरात माणसं तीन आणि सीटा सात. बाकीच्या चारांवर काय हवा बसवायची?" सूनबाईचं म्हणणं, गल्लीत वळवणार कशी. मिहिरनं तर पुण्याहून फोन करून मला शिकवणीच दिली. म्हणे, "आजी, इथं एकेक माणूस हत्तीएवढी गाडी घेऊन फिरतो, म्हणून रस्ते तुंबतात. डिझेल जळतं, धूर होतो ते वेगळंच. बाबांना सांग, छोटीच घ्या." लेकरू खोटं बोलत नाही. एकट्या माणसानं हत्ती कशाला पाळायचा? शेजारचे बापूसाहेब हेडमास्तर होते, त्यांना कुठल्याही वादात निकाल दिल्याशिवाय चहा उतरत नाही. ते म्हणाले, "वहिनी, गाडी माणसांच्या मापाची घ्यावी, मानाच्या मापाची नव्हे." मी म्हटलं, "खरंय भाऊजी. पण माणसं मोजायची कशी तेवढं सांगा. रेशनकार्डावरची का?" त्यांनी बशीत राहिलेला चहा बघितला आणि म्हणाले, "साखर जरा जास्त झाली."

तुझं लग्न झालं तेव्हा तुझं नाव त्या कार्डावरून कमी केलं होतं, आठवतं? तुझे अप्पा कचेरीतून आले आणि न जेवता झोपले होते.

मग आम्ही लातूरला दुकानात गेलो. दुकान कसलं, काचेचा महाल. तिथं फैजान नावाचा पोरगा गाड्या दाखवत होता. मी सवयीनं विचारलं, कुठल्या गल्लीतला रे तू, तर आपल्या गल्लीतल्या खातूनबीच्या बहिणीचा नातू निघाला! मग काय, मी सगळ्या गाड्यांची दारं उघडून घेतली. लता, या गाड्या आतून कोण बनवतं गं? सीटांचा रंग ताकासारखा पांढरट. ज्यानं तो ठरवला त्याच्या घरी हळदीच्या हातानं कुणी गाडीत बसत नसेल. बाटल्या ठेवायला जागोजागी खळगे केलेत, पण माझा फिरकीचा तांब्या त्यातल्या एकातही बसत नाही. पायरी उंच, आणि धरायला कडी आहे ती तुझ्या अप्पांच्या उंचीच्या माणसाला. बाहेरनं रूप बघणारे शंभर, आत बसून गुडघा वाकवून बघणारं कुणी नाही. मी हे सगळं बोलून दाखवलं. फैजान म्हणाला, "अम्मा, तुम्ही कंपनीत पाहिजे होत्या." मी म्हटलं, "बोलावलं तर येते की."

विरूचं मन लहान गाडीवरच होतं. फैजाननं तिचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसून तर बघा अम्मा, मागं लेगरूम किती दिलाय." मला ऐकू आलं, लेकरूम. रूम म्हणजे खोली एवढं मला कळतं, आणि लेक म्हणजे लेक. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, "अरे वा, एवढीशी गाडी आणि त्यात लेकीसाठी बी रूम? कुठं हाय, दाखव." त्यानं माझा गुडघा आणि पुढची सीट यांच्या मधली वीतभर जागा दाखवली. मी म्हटलं, "एवढीच? ह्यात माझी लेक कशी बसंल? तिची लेक बी हाय." सूनबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. फैजान घाबरून म्हणतो, "लेक नाही अम्मा, लेग, लेग! पाय!" मी म्हटलं, "म्हणजे पायाला रूम आणि लेकीला न्हाई? असली कसली रं गाडी?" पलीकडच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा हसून घेतलं.

विरू तेवढा हसला नाही. त्यानं लहान गाडीचं दार हळूच लावलं आणि म्हणाला, "ती मोठी दाखवा."

मोठीत तीन रांगा आहेत. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट खटका दाबला की कोलांटी मारते, आणि त्या फटीतून आपण आत शिरायचं, मांजरासारखं. शिरले मी. गुडघे हनुवटीपाशी आले. तिथली काच उघडतच नाही. विरू बाहेरून म्हणाला, "आई, तू मागं बोचक्यासारखी दिसायलीस." पण मला दुसरंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग ध्यानात आलं. सगळ्या सीटांची तोंडं पुढं. एकाची पाठ दुसऱ्याकडं. माणसानं बोलायचं ते काय मानेशी?

मला खातूनबीच्या नवऱ्याची, निजामोद्दीनची, काळीपिवळी आठवली. भूकंपाला आता तीस वर्षं होत आली. गणपतीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली, आणि आपलं घर उभं असूनही कुणाची आत जायची छाती होईना. वरून पाऊस. तेव्हा निजामोद्दीननं त्याची लातूर फेरीची जीप गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, आणि त्याची माणसं अन आपली माणसं मागच्या दोन बाकांवर समोरासमोर बसली. गुडघ्याला गुडघा. आणखी कुणी भिजत आलं की तो म्हणायचा, "सरको जी, जरा सरको. गाडी रबर की है, खिंचती." आणि खरंच ताणायची गं ती. किती रात्री तशा काढल्या! तू बारावीला होतीस. अंगाखालची जमीन जरा थरथरली की माझा पदर मुठीत धरायचीस. बाकावर जागा नसायची म्हणून तू खाली, माझ्या दोन पायांच्या मध्ये बसायचीस, आणि मी तुझी वेणी घालत राहायची. घालायची, सोडायची, परत घालायची. खातूनबी समोरून हसायची, "लडकी के बाल झड जाएंगे." पण वेणी घालताना तू झोपायचीस, आणि माझ्या हातालाही धीर यायचा. एवढी माणसं मेली त्या दिवसांत, असं म्हणू नये, पण तसं जवळ आपण पुन्हा कधी बसलो नाही.

आता तुळजापूरचं लिहिते. तू हा परिच्छेद सोडून पुढं जाशील हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. दोन वर्षांमागं मिहिर पास झाला म्हणून देवीला निघालो तेव्हा विरूची जुनी गाडी पाच जणांची होती. सूनबाईची आई आली होती, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. तू आणि मनू नायगावहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या, नव्या साड्या-फ्रॉकात दारात उभ्या. विरू म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी एसटीनं या, आम्ही तिकडं स्टँडवर थांबतो." त्याच्या मनात काही नव्हतं, पण तो डब्याला जागा करून मग बोलला. तू हसून "बरं" म्हणालीस. तुळजापूरच्या स्टँडवर औशाकडनं येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी मी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढायचं का उतरवून घ्यायचं?" संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला की तुम्ही नायगावला पोचलात.

नवी गाडी घरी आली तेव्हा विरूनं सगळ्या सीटांवरचं प्लास्टिक काढलं. एका सीटचं ठेवलं, मधल्या रांगेतली, खिडकीकडची. सूनबाई म्हणाली, "अहो, एक राहिलं." तो म्हणाला, "राहू दे. ते ताई काढंल." तो तुला फोनवर हे कधी म्हणणार नाही, तुझाच भाऊ आहे. मी चोरून लिहिते.

आणि आता ज्यासाठी बसले ते. तुझी नणंद लातूरच्या बाजारात भेटली. म्हणाली, मनूला अकरावीला लातूरला घालतेस, क्लास लावलाय, होस्टेल बघितलंय, सामानाला टेम्पो पण सांगितलाय. माझी नात माझ्यापासून अर्ध्या तासावर राहायला येणार आणि मला ते भाजीच्या गाड्यापाशी कळावं! राहू दे, होस्टेलला राहू दे, अभ्यासाचं तुम्हाला जास्त कळतं. पण टेम्पो नको म्हणून सांग. पहिल्या दिवशी पोरीनं गादीवर बसून टेम्पोतनं जायचं का? आम्ही येतो. मी फैजानला खोदून विचारलंय, मागची सीट अर्धी आडवी होते आणि अर्धी उभी राहते. आडव्या अर्ध्यात मनूची गादी, पेटी आणि कूलर. उभ्या अर्ध्यात मी. पुढं विरू आणि सूनबाई, मधे तू, मनू आणि जावईबापू. म्हणजे एकही सीट रिकामी नाही, बापूसाहेबांना कळवते. रविवारी सकाळीच निघू, लोह्याला चहा घेऊ आणि तिथनं फोन करू. त्या वेळी कुकर लावू नकोस. आणखी एक. सीटच्या डोक्यामागची उशी खटका दाबून निघते, फैजाननं दाखवलंय. विरू ओरडेल, पण तुझ्या सीटची मी काढून ठेवणार आहे. समोरासमोर नाही तर नाही, तुझ्या पाठीशी बसून माझे हात तुझ्यापर्यंत पोचतात, मी बसून बघितलंय. नायगाव ते लातूर रस्ता लांब आहे. त्या दिवशी वेणी घालून बसू नकोस. फणी मी आणते.

तुझीच,
मागच्या अर्ध्या सीटवरची
आई