कॅसेटला न दिलेला आवाज

बाबा, "कॅसेटले कोनाचं दार दिसते काय, पोरी?" असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, आणि मी फुगून बसले होते. ते वाक्य हल्ली सारखं आठवतं. मी ज्या कंपनीचं काम करते तिच्याकडे आता असं यंत्र आलंय, की त्याला माणसाचं थोडं बोलणं ऐकवलं तर पुढचं हवं ते सगळं ते त्याच्याच आवाजात बोलतं. मेलेल्या माणसाच्याही.

तुमचा आवाज सगळ्या यवतमाळला ठाऊक होता. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, मागे बॅटरी आणि अॅम्प्लिफायर, आणि सुट्टीच्या दिवशी त्याचं बटण सांभाळायला मी. साड्यांचा सेल, सर्कस, कापूस खरेदी केंद्र उघडणार की नाही, सगळं तुमच्याच तोंडून गावाला कळायचं. निवडणुकीत तर सकाळी एक झेंडा आणि संध्याकाळी दुसरा. आई ताट वाढताना विचारायची, "सकाळी ज्याले निवडून आनता, सांजच्याले त्यालेच पाडता काय हो?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "चहा दोघाईचा पेलो ना."

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. एका उमेदवाराचा माणूस घरी आला. तुमचा आवाज एकदाच टेप करायचा, कॅसेटी काढायच्या आणि तालुक्यातल्या साऱ्या ऑटोंवर वाजवायच्या, असं तो म्हणत होता. मला तर आनंदच झाला. तुमचा घसा वाचेल, मी स्वतः टेप करून देते, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्ही ते एक वाक्य बोललात आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलंत.

पुढच्या आठवड्यात आपण कळंबच्या रस्त्याला लागलो. एका गावात शिरताना तुमचा हात एकदम वर गेला, म्हणजे मी आवाज बंद करायचा. पुढे एका अंगणात माणसं गप बसलेली आहेत, हे मला मागाहून दिसलं. दुःखाच्या घरावरून भोंगा वाजवत जायचं नाही, हा तुमचा शिरस्ता मला ठाऊक होता, पण त्या वर्षी तो हात गावोगावी वर जात होता. गाव संपेपर्यंत तुम्ही माईक मांडीवर ठेवून बसलात. तेवढ्यात मागून दुसरा ऑटो आला. त्याच्यावर नागपूरहून टेप करून आणलेला आवाज वाजत होता, खणखणीत, हसरा. मी वळून पाहते तर अंगणातली एक बाई उठून दाराशी उभी राहिली आहे. ऑटो जाईपर्यंत ती नुसती उभी होती. हळूहळू काम त्या कॅसेटींकडेच गेलं.

आता पुण्यात माझं काम घरातूनच चालतं. दिवसभर पडद्यावरच्या चेहऱ्यांशी बोलते. जेवायला बसले की फोन वाजतो आणि कुठला तरी पुढारी मला ताई म्हणतो. सवयीनं मी "बोला" म्हणते, तर तो माझ्या बोलण्यावरून तसाच पुढे बोलत जातो, टेप केलेला. रविवारी जुन्या बाजारातून बंद पडलेले टेपरेकॉर्डर आणते आणि सुटलेल्या तारांना डाग देत बसते. दुरुस्त होतात. घरात त्यांची रांग लागली आहे. तुमच्यानंतर आईही गेल्यापासून मले-तुले करून बोलणारं मात्र कोणी उरलं नाही.

तुमची एकच कॅसेट माझ्याकडे आहे. मी दुरुस्त केलेला पहिला टेपरेकॉर्डर तपासताना तुमच्या नकळत भरलेली. तिच्यात तुम्ही वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल आईशी वाद घालता आहात. ती मी त्या यंत्राला ऐकवली, बाबा. "जेवली काय, पोरी?" एवढंच त्याला बोलायला लावलं. ते तयार आहे. मी अजून ऐकलेलं नाही.

एकदा ऐकू का? तुम्ही नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. मग तेवढं "नाही" तरी येऊन म्हणा.