तोट्यातला मार्ग

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला की तुझा सचिव उचलतो आणि साहेब बैठकीत आहेत म्हणतो, म्हणून पत्रच बरं. तू निवडून गेल्यापासून माझ्या शिवणाच्या दुकानाची कचेरी झालीय. बाही आखूड करायला आलेला माणूससुद्धा आधी पाण्याच्या टाकीचं बोलतो, मग पिशवीतून कापड काढतो. परवा एकाचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता मी त्याचा उजवा खिसा डावीकडे लावला.

आईचं बरं आहे. डाव्या डोळ्याची आशा नव्हतीच, पण उजव्याची नजर दर महिन्याच्या इंजेक्शनाने टिकून आहे. खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. सकाळच्या बसने जिल्ह्याच्या दवाखान्यात जातो, संध्याकाळच्या बसने परत. गिरणीवाल्याची बायको रक्त शुद्ध करून घ्यायला त्याच बसने येते. जाताना ती आणि आई आपापल्या सुनांची उणीदुणी काढतात (तुझ्या बायकोला हे सांगू नकोस), येताना दमून एकमेकींच्या खांद्यावर झोपतात.

आता मुद्द्याचं. ड्रायव्हर म्हणत होता की आपला मार्ग बंद व्हायचा घाटतोय. मी त्याला हसले. म्हटलं, खर्चकपातीच्या समितीत माझा भाऊ बसलाय, तो असं होऊ देईल का? दोन ओळी लिही, म्हणजे लोकांना ठणकावून सांगता येईल. फोटोत तुझा गळा बारीक दिसतो. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्रायव्हर खरं बोलला.

रागावण्याआधी ऐकून घे. इतकी वर्षं गणित शिकवलं, आकड्यांची भीती कधी वाटली नाही. इथे वाटली. देशाच्या तिजोरीत जे येतं त्यातला तिसरा हिस्सा जुन्या कर्जाच्या व्याजात जातो आणि ते व्याज भागवायला आपण नवं कर्ज काढतो. असंच चाललं तर उद्या आईचं इंजेक्शनच बाहेरून आणता येणार नाही, मग बस असून काय करायची? म्हणून तोट्यातले मार्ग बंद करायचं ठरलं. त्यात आपला होता. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुमचा तेवढा वगळू, कोणाला कळणारही नाही. मी नको म्हटलं. बाकीच्यांच्या बस बंद करून स्वतःच्या आईची चालू ठेवली असती, तर कोणत्या तोंडाने गावात आलो असतो? इतरांनी काहीही म्हणू दे, तू तरी मला समजून घे. आईला बेताबेताने सांग.

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परवा शेवटची बस गेली. ड्रायव्हरने गावाबाहेर पडेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. लोक दारात येऊन उभे राहिले.

काल गिरणीवाल्याने वर्तमानपत्र आणून माझ्या मशीनवर ठेवलं आणि तसाच निघून गेला. त्यात तुझं भाषण होतं. देशासाठी मी माझ्या आईची बससुद्धा सोडली, असं तू म्हणालास आणि सभागृहाने बाकं वाजवली. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, की बसने जात होते मी, मग ती सोडली त्याने कशी?

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव. तुझा व्याजाचा हिशेब मला समजतो रे, मी काही खुळी नाही. पण तुझ्या दाराशी गाडी उभी असते. सोडलं आम्ही आणि टाळ्या तुला. शिवाय त्या बसमध्ये गिरणीवालीही होती. तिचं नाव कुठे आलं नाही, कारण ती कोणा खासदाराची आई नाही.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. भाषणात आईला आणायला नको होतं. सभागृह हलवायचं होतं, तोंडातून निघून गेलं.

माझ्या मतदारसंघातल्या कार्यालयाची जीप तिथे नुसती उभी असते. दवाखान्याच्या दिवशी ती आईला नेईल आणि आणेल, तसं सांगून ठेवलंय. नाही म्हणू नका, मला तेवढंच समाधान.

तुमचाच,
धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या जीपचं काय झालं ते सचिवाने तुला सांगितलं नसणार, म्हणून लिहिते. पहिल्याच खेपेला आईने गिरणीवालीला बोलावलं, सुताराच्या दिवस भरलेल्या मुलीलाही बसवलं. जीपवाला म्हणाला, हुकूम फक्त आईसाहेबांचा आहे. आई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, मग आईसाहेब येत नाहीत म्हणून कळव. शेवटी सगळ्यांना घेऊन गेला बिचारा. मग विरोधकांनी फोटो काढला आणि वर्तमानपत्रात छापून आणला, काटकसर लोकांना आणि जीप घरच्यांना म्हणून. पुढच्या खेपेला जीप आलीच नाही. सचिवाचा फोन आला, की निवडणुकीपर्यंत जरा दमानं घ्या.

आईला मी भाजीच्या टेम्पोतून नेलं. टेम्पो प्रत्येक बाजारात थांबत गेला. पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते, पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला टेम्पोच बिघडला. अक्षरं पुसट होतायत हे आईने माझ्यापासून लपवलं. मला सुईत दोरा ओवून द्यायची, ते एक दिवस नको म्हणाली, तेव्हा मी ओळखायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात एकदाचे पोचलो. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आता इंजेक्शनाची गरज नाही. मला क्षणभर आनंद झाला. मग कळलं.

गिरणीवाली दिराकडे शहरात राहायला गेली. नवरा इथे एकटा दळतो.

ताई

१० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

काय लिहू? आईला इकडे पाठव, सगळ्यांत मोठ्या डॉक्टरांना दाखवतो. मीच न्यायला आलो असतो, पण अधिवेशन चालू आहे.

पक्षाने मला पुन्हा उभं करायचं ठरवलंय. शाळेच्या पटांगणात सभा होईल. आई माझ्याशेजारी व्यासपीठावर बसली तर लोकांचा राग निवळेल, असं सगळ्यांचं मत आहे. तिला विचारशील का? राजधानीच्या वळणरस्त्यासाठी नवं कर्ज काढल्याचं तू वाचलं असशील. ते गुंतवणुकीचं कर्ज आहे, त्याची गोष्ट वेगळी. भेटीत समजावून सांगेन.

क्षमा करता आली तर कर.
धाकटा

१८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

निकाल ऐकला. अभिनंदन.

आई रागावलीय का, असं तुझ्या बायकोने फोनवर विचारलं. तुला स्वतःला विचारवलं नाही, ते समजू शकते. सभेत ती व्यासपीठावर आली नाही, खाली लोकांत बसली. कर्ज किती उतरलं, असं तिने उभं राहून विचारलं. तू म्हणालास, आई, घरी बोलू. ती म्हणाली, घरी तू माझा मुलगा, इथे मी मतदार म्हणून विचारतेय. मग तू माइककडे वळून आकडे गुंतागुंतीचे असतात म्हणालास. गिरणीवाला मोठ्याने हसला, बाकी कोणी हसलं नाही. घरी बोलू म्हणालास खरा, पण तुझी गाडी शाळेवरूनच वळली. आईने तुझं ताट मांडायला लावलं होतं. ते तिने उचलू दिलं नाही.

मतदानाला दिसत नसलेल्या माणसाबरोबर एकाला आत जाऊ देतात. मी गेले. आईने माझ्या कानात तुझं चिन्ह सांगितलं. मी विचारलं, नक्की ना? म्हणाली, पोटचा आहे, दुसऱ्याला कशी देऊ? मी तिचं बोट धरून तुझ्याच चिन्हावर ठेवलं, कारण मत तिचं होतं.

मग माझी पाळी आली.

बाहेर पडताना तिने विचारलं, तूही त्यालाच दिलंस ना? मी हो म्हणाले. तिला माझा चेहरा दिसत नाही, म्हणून निभावलं.

ताई