शनिवारचं आमंत्रण

बाबा,

तुमचं मेलचं खातं आज मी उघडलं आहे. तुम्हांला जाऊन सहा वर्षं झाली, तरी लखनौतल्या मराठी कुटुंबांच्या त्या यादीवरची पत्रं अजून इथे येऊन पडतायत. कुणाची बदली, कुणाच्या घरचा गणपती, मलिहाबादहून आंब्याच्या पेट्या मागवायच्या का. गेल्या आठवड्यात त्या यादीवर मीही एक पत्र टाकलं आणि ते माझ्या इनबॉक्समध्ये दिसेचना. तासभर वाट पाहिली. शेवटी मुलगी म्हणाली, "मम्मी, अपना भेजा हुआ वहाँ नहीं दिखता. बाकी सबको मिल गया होगा." म्हणजे यादीवरून आपलं पत्र फिरून आपल्याकडे येतं खरं, पण ते 'पाठवलेल्यां'त आधीच असतं म्हणून दुसरी प्रत दाखवायचीच नाही, असा या प्रोग्रामचा कारभार. एवढंच होतं ते, बाबा. आणि एवढ्यावरून मी तुम्हांला काय काय बोलले.

संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर दर शनिवारी संध्याकाळी इंदिरा नगरच्या घरी तुम्ही मुलांना मराठी वाचायला शिकवायचात. तुमचा सगळा जीव त्यात होता. शुक्रवारी यादीवर आमंत्रण टाकायचं, ते इनबॉक्समध्ये दिसलं नाही की पुन्हा टाकायचं, मग आणखी एकदा. कुणीतरी थट्टेनं लिहिलं, "काका, पोचलं, पोचलं, पोचलं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेलीबागेतल्या माझ्या घरून मुद्दाम येऊन मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि म्हणते आहे, "बाबा, लोक हसतात तुम्हांला. एकदाच पाठवायचं आणि गप्प बसायचं. जमत नसेल तर पाठवूच नका." तुम्ही गॅस बारीक करता. "अगं, पण गेलं की नाही ते कळणार कसं?" एवढंच विचारता. मलाही ते ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करायला जीभ रेटली नाही.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते आज कळतंय. त्याच आठवड्यात तुम्ही स्वतःच्याच पत्त्यावर एक चाचणीचं पत्र पाठवलंत, आणि ते इनबॉक्समध्ये आलं; थेट स्वतःलाच लिहिलेलं पत्र तेवढं हा प्रोग्राम दाखवतो. उभा जन्म प्रयोगशाळेत काढलेला माणूस. जे जमलं तेच धरून बसलात. मग दर शुक्रवारी त्या पत्राला उत्तर म्हणून आमंत्रण, फक्त तारीख बदलून. पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. ज्या पत्त्यावरून ते सगळ्यांना जातं, तो यादीचा पत्ता त्यात कुठेच नाही. अशी एकोणतीस आमंत्रणं आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ: मुलांना भूक लागते, पोहे असतील. आमंत्रण येईना तेव्हा लोकांना वाटलं, काकांनी वर्ग बंद केला. तुम्ही मानी, कुणाला विचारलं नसणार. मी यायची ती रविवारी. तुमच्या स्वयंपाकाच्या बाई तेराव्याला मला म्हणाल्या होत्या, "साहब हर सनीचर बारह प्लेट पोहा बनवाते थे, दीदी. कोई आता नहीं था, तो हमीं को बाँध देते थे." तेव्हा मी लोकांवर चिडले होते. आता सतरंजी घालून दाराकडे बघत बसलेले तुम्ही मला कुठेही दिसता, मेट्रोत, ऑफिसात, भाजी घेताना. मला भीती वाटते, बाबा. तुम्ही वळून माझ्याकडे बघाल याची.

हे पत्र मी तुमच्याच खात्यातून तुमच्याच पत्त्यावर लिहिते आहे. पाठवलं तर क्षणात समोर येऊन पडेल, आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव असेल. ते बघायची माझी छाती नाही, म्हणून पाठवत नाही. एक मात्र सांगून टाकते. त्या पहिल्या शुक्रवारी तुमचा फोन आला होता. आवाजात केवढा आनंद! "आता बरोबर जातंय गं. मला इनबॉक्समध्ये दिसलं. तुलाही मिळालं ना?" मी उघडून पाहिलं. काहीच आलं नव्हतं. आता यादीवर कुणी हसणार नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी म्हणाले, "हो बाबा, मिळालं."