चहातील साखर

सौभाग्यवती गृहस्वामिनीस सप्रेम आशीर्वाद.

येथे चिरंजीवाच्या घरी माझी प्रकृती उत्तम आहे. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना?

उद्या माझ्या आतड्यांची दुर्बिणीने तपासणी आहे. जुन्या मधुमेहात तेथे गाठ होण्याचा धोका थोडा अधिक असतो, म्हणून नुसते पाहून घ्यायचे, असे डॉक्टर म्हणाले. नुसते पाहायचे, तर चिरंजीवाने रजा का घ्यावी?

आज मला केवळ पातळ पदार्थ दिले जात आहेत. सकाळी चिरंजीवाने स्वतःच्या हाताने माझ्या चहात साखर घातली! आजवर माझ्या हातातून बिस्किटे हिसकावणारा तोच हा. मी कारण विचारले.

"बाबा, उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. डॉक्टरांनीच सांगितलंय. प्या आता, उलटतपासणी पुरे!"

कारण सयुक्तिक आहे. परंतु सूनबाई तेवढ्यात पाठमोरी झाली.

आणि काल फोनवर तूही माझ्या साखरेचा आकडा विचारला नाहीस. तुम्हा सर्वांचे आपसांत काही ठरले आहे काय?

हे पत्र पोहोचेल तेव्हा निकाल लागलेला असेल. तेव्हा फोनवर मला पूर्वीसारखी खडसाव. तू खडसावलेस, तरच निकाल चांगला आहे असे मी मानीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा 'अहो'